सात नंबरचं बटण

मी बांधकाम खात्यात लिपिक होते आणि रविवारी निसर्ग उद्यानात स्वयंसेवक. दोन्हीकडे काम एकच, नोंदी करायचं. फरक इतकाच की उद्यानात पगार नव्हता आणि वहीवर कुणी चहाचा कप ठेवत नव्हतं. नवरा म्हणायचा, "सहा दिवस कागद मोजते अन् सातव्या दिवशी पाखरं. घरचा भाजीपाला कोण पाह्यन?" मी त्याच्या हातात पिशवी द्यायची आणि लुनाला किक मारायची. नालवाडीहून उद्यान वीसेक मिनिटांवर होतं.

उद्यान म्हणजे फार मोठं काही डोळ्यांसमोर आणू नका. एक बुटकी टेकडी, तिच्या पायथ्याशी नाला, नाल्याकाठी जुनी आमराई, पलीकडे लहानसा तलाव. फाटकाजवळ वनखात्याने बांधलेलं निसर्ग परिचय केंद्र होतं. केंद्र म्हणजे एक हॉल. भिंतीवर नकाशा, काचेच्या पेटीत सापाची कात, मोराची पिसं, सुगरणीची दोन घरटी. नव्वदच्या दशकाच्या शेवटी खात्याने 'स्वयंसेवक पाहिजेत' असा कागद वाचनालयात लावला, तेव्हा आम्ही पंधरा-वीस जण उत्साहाने गेलो होतो. सगळ्यांना हिरव्या टोप्या मिळाल्या. वर्ध्याचा उन्हाळा लागला आणि टोप्या तेवढ्याच राहिल्या, माणसं तीन उरली.

एक मी. दुसरे शेठजी. त्यांचं गावात किराण्याचं दुकान होतं, ते आता मुलगा सांभाळायचा. शेठजींकडे स्वागताचं टेबल होतं, पण त्या टेबलामागे ते बसले की त्याचं दुकान होऊन जायचं. आलेला माणूस रिकाम्या हाताने परत गेला तर त्यांना चैन पडत नसे. विकायला तर काहीच नव्हतं. मग ते बहाव्याच्या, सीताफळाच्या, चिंचेच्या बिया वर्तमानपत्राच्या पुडीत बांधून, वर दोरा गुंडाळून हातात ठेवायचे आणि म्हणायचे, "लावजा बरं! नुसती ठेवून देऊ नका." सापाची कात पाहून घाबरलेल्या बाईलाही पुडी मिळायची.

तिसरे गुरुजी. रोहण्याच्या शाळेत आयुष्य काढून निवृत्त झालेले, सिंदी मेघ्याला मुलाकडे राहायचे. गुरुजींची बायको आधीच गेली होती. मुलगा-सून दोघंही नोकरीवर. गुरुजी सायकलवर यायचे, धोतराचा सोगा सायकलच्या साखळीत अडकू नये म्हणून त्याला कपडे वाळत घालायचा चिमटा लावलेला असायचा. त्यांच्याकडे पक्ष्यांची फेरी होती. फाटकापासून आमराई, आमराईपासून नाला, नाल्यावरून तलाव आणि परत. उद्यानात लोक यायचे ते या फेरीसाठीच. बाकी आमचं काम म्हणजे गुटख्याच्या पुड्या वेचणं, पाखरांसाठी ठेवलेली मातीची भांडी घासून भरणं आणि "संडास कुठं हाये?" याचं उत्तर देणं.

गुरुजी पक्षी पाहायचे कमी, ऐकायचे जास्त. शाळेतली मुलं रांगेत चाललेली असायची, गुरुजी एकदम हात वर करायचे आणि सगळी रांग थांबायची. "ऐका. तांबट. भांडेवाल्यावानी ठोकून राह्यला पाहा." मुलं माना वर करायची. मीही करायची. आज सांगायला हरकत नाही, मला तांबट, कोकीळ आणि मोर सोडून काहीएक कळत नसे. पण गुरुजी सांगायचे आणि मी वहीत लिहायची. पक्ष्याचं नाव, जागा, 'पाहिला' की 'ऐकला', आणि शेवटच्या रकान्यात कोणी. त्या रकान्यात वर्षानुवर्षं एकच शब्द होता: गुरुजी. आम्ही सगळे त्यांच्याच कानांनी ऐकत होतो.

मी मुळात खडूस बाई. कचेरीत माझ्या नोंदीत खाडाखोड सापडली तर बक्षीस देईन असं म्हणायची. गुरुजींचं आणि माझं म्हणूनच जमलं. त्यांनीही कधी "दिसला असंन, लिहून टाक" असं केलं नाही. साहेब लोक आले असताना एकाने चिखलातल्या ठशाला वाघाचा पंजा म्हणायची हौस केली, तर गुरुजी म्हणाले, "कुत्र्याचा पंजा हाय साहेब. तुमची इच्छा असली तं वाघाचा म्हणा, पण वहीत कुत्रा लिहिला जाईन." शेठजींनी साहेबांच्या हातात घाईघाईने दोन पुड्या दिल्या.

एकदा पाण्याची भांडी घासता घासता गुरुजी मला म्हणाले होते, "घरी सगळे चांगले हायेत पोरी. जेवा म्हणतात, झोपा म्हणतात. पण मले कोणी काई विचारत नाई. इथं शाळेचे पोट्टे विचारतात." ते वाक्य माझ्या डोक्यात बसलं होतं. पुढे मी जे केलं ते त्याच वाक्यापायी केलं.

झालं असं की त्या वर्षी थंडीत वनखात्याच्या मजुरांनी आमराईतल्या झाडांवरचं बांडगूळ तोडलं. बांडगूळ म्हणजे दुसऱ्याच्या जिवावर जगणारं झुडूप, झाडाच्या फांदीत मुळं रुतवतं आणि त्याचा रस पितं. आयतं खाणाऱ्या माणसाला आपण बांडगूळ म्हणतो ते उगाच नाही. ते तोडलं म्हणून कुणाला वाईट वाटायचं कारण नव्हतं. गुरुजींना वाटलं. कारण बांडगुळाच्या फळांवर फुलटोच्या जगतो. अंगठ्याएवढा मळकट रंगाचा पक्षी, आंब्याच्या शेंड्याला असतो, दिसता दिसत नाही. आवाजावरूनच कळतो. गुरुजींचा तो विशेष लाडका होता. "दिसाले काईच नाई, पण हाय बराबर," असं ते त्याच्याबद्दल सांगायचे.

त्या थंडीपासून गुरुजी आमराईत थांबायचे, मान तिरपी करायचे, आणि मग मला सांगायचे, "लिही. फुलटोच्या, आढळला नाई." पुढच्या रविवारी तेच. महिना झाला, दोन झाले, होळी आली. दर वेळी ते जरा जास्त वेळ थांबायचे. मुलं चुळबुळ करायची. परत येताना गुरुजी नेहमीसारखे बोलत नसत. शेवटी त्यांनी मला रेंजर साहेबांच्या नावे अर्ज लिहायला लावला. विषय: बांडगूळ तोडणे थांबविणेबाबत. "वरील विषयास अनुसरून" असं लिहून मी सुरुवात केली, आणि वहीतल्या चार महिन्यांच्या नोंदी उतरवून जोडल्या. खाली गुरुजींची सही, साक्षीला माझी. बांडगुळाची बाजू घेणारा तो उभ्या जिल्ह्यातला पहिलाच अर्ज असावा.

अर्ज गेला आणि पंधरा दिवसांत केंद्रात एक यंत्र आलं. लाकडी फळ्यावर बारा पक्ष्यांची चित्रं, प्रत्येकाखाली एक बटण. दाबलं की त्या पक्ष्याचा आवाज येई. दोन हजारच्या पुढचा काळ, गावात तेव्हा बटणांचं कौतुक होतं. मुलांनी पहिल्याच दिवशी मोराचं बटण दाबून दाबून शेठजींचं डोकं उठवलं. सात नंबरला फुलटोच्या होता.

गुरुजी आले, चष्मा वर करून चित्र पाहिलं, आनंदले. त्यांनी बटण दाबलं. 'चिक चिक चिक' असा बारीक, टोकदार आवाज आला. कात्री भरभर चालवावी तसा. गुरुजींनी पुन्हा दाबलं. पुन्हा आवाज आला. ते माझ्याकडे वळून म्हणाले, "पाह्य, नेमकं हेच बटण बंद. सरकारी सामान!"

मी त्यांच्या शेजारी हातभर अंतरावर उभी होते. आवाज अजून माझ्या कानात होता. मला वाटलं गंमत करताहेत. पण गुरुजी गंमत करताना मिशीत हसायचे, आणि आता ते वाकून फळ्याच्या मागची वायर पाहत होते.

पुढच्या रविवारी आमराईत रांग थांबली. गुरुजींनी मान तिरपी केली. आणि वरून, अगदी आमच्या डोक्यावरून, 'चिक चिक चिक'. यंत्राने मला तो आवाज शिकवला होता, नाहीतर मला जन्मात कळलं नसतं. तो एका फांदीवरून दुसरीवर बोलत बोलत गेला. गुरुजी मिनिटभर थांबले आणि म्हणाले, "लिही. आढळला नाई."

मी लिहिलं. आयुष्यातली पहिली खोटी नोंद मी त्या दिवशी शाईने केली.

खरं तेव्हाच सांगायला हवं होतं, हे मला कळत होतं. पण सांगून काय झालं असतं? खात्याच्या यादीत गुरुजींच्या नावापुढे 'पक्षी-फेरी' लिहिलेलं होतं. ज्याला पाखरू ऐकू येत नाही त्याला फेरी कोण देणार? आणि फेरी गेली की गुरुजींना विचारणारं जगात कोण उरलं? बारीक आवाज आधी जातात, जाड नंतर, हे मला आमच्या कचेरीतल्या एकाच्या वडिलांवरून माहीत होतं. तांबट, भारद्वाज, मोर गुरुजींना अजून ऐकू यायचे. म्हणजे एक फुलटोच्या सांभाळला की बाकीचं निभावतं, असा मी हिशेब केला.

पण गुरुजी सात नंबरच्या मागे लागले. दुरुस्त करून घे म्हणून त्यांनी मला दोनदा बजावलं. मी वायरमन बोलावला. त्याने बटण दाबलं, ते वाजलं. त्याने माझ्याकडे पाहिलं. "म्याडम, हे तं मस्त वाजून राह्यलं." मी म्हटलं, "तरी एकदा खोलून बघ." तो फळा खोलून, फुंकर मारून, लावून गेला. गुरुजी आले, दाबलं आणि म्हणाले, "काई नाई केलं त्यानं." पुन्हा बोलावलं. दुसऱ्यांदा वायरमन चिडलाच. "काऊन बोलावता घडीघडी? चांगल्या बटनाले मी काय करू?" मी त्याला हळू बोलायला सांगितलं आणि शेठजींकडे पाहिलं. शेठजी मान खाली घालून पुडी बांधत होते. मला वाटलं, बरं झालं, यांचं लक्ष नाही.

मग मी कागदाची पट्टी कापली, त्यावर 'बंद आहे' असं ठळक अक्षरात लिहिलं आणि डिंकाने सात नंबरवर चिकटवली. गुरुजींचं समाधान झालं. मुलं नाराज झाली. मी घरी जाऊन नवऱ्यावर विनाकारण ओरडले.

सगळं तसंच रेटलं गेलं असतं. पण अर्जाचं उत्तर आलं. अर्जाला उत्तर येतं हे मी सतरा वर्षांच्या नोकरीत क्वचित पाहिलं होतं, नेमकं हेच यायचं होतं. रेंजर साहेब स्वतः येत्या रविवारी फेरीत सामील होऊन पाहणी करणार होते. गुरुजींनी ते पत्र चार वेळा वाचलं. "पाह्य, माणूस चांगला हाय. ऐकून तं घेते!"

त्या आठवड्यात मी नीट झोपले नाही. साहेबांसमोर तो पक्षी बोलला तर? सगळ्यांना ऐकू येईल, एक गुरुजींना सोडून. शनिवारी संध्याकाळी मी शेठजींच्या दुकानात गेले आणि साखर तोलायला सांगून सगळं ओकून टाकलं. शेठजींनी साखर तोललीच नाही. म्हणाले, "म्याडम, मले दिवाळीपासून मालूम हाय. आमराईत मी गुरुजीच्या पुढं पुढं काऊन चालतो? बारीक पाखरू बोललं की छत्री वर करतो. ते छत्रीकडे पाह्यतात अन् पाखरू दिसते." मी त्या छत्रीवर कितीदा हसले होते. पाऊस नाही, ऊन नाही, आणि हा माणूस छत्री कशाला नाचवतो म्हणून. "फुलटोच्या तेवढा दिसत नाई," शेठजी म्हणाले, "त्याले छत्री पुरत नाई." आम्ही दोघं एकाच माणसाला एकमेकांपासून लपवत होतो. मी विचारलं, उद्या काय करायचं? शेठजी म्हणाले, "उद्या तो न बोलो, अशी प्रार्थना. दुसरं काय! गुरुजीचा रविवार गेला तं गुरुजी गेले समजा."

रविवारी एक शाळाही आली होती, तीसेक मुलंमुली. रेंजर साहेब साध्या कपड्यात आले, गुरुजींना वाकून नमस्कार केला. गुरुजींनी धुतलेलं पांढरं धोतर नेसलं होतं. आमराईत रांग थांबली. गुरुजी झाडाला हात लावून उभे राहिले आणि साहेबांना समजावू लागले. बांडगूळ झाडाचं खातं हे खरं, पण त्याचं फळ पाखरू खातं, पाखरू बी दुसरीकडे टाकतं, सगळंच तोडलं तर ते बिचारं जाणार कुठे? फार छान बोलले. शाळेत असेच शिकवत असणार. "पाच महिने झाले साहेब. एक आवाज नाई. तुम्ही स्वतः ऐका."

सगळे गप्प झाले. आणि वरून आला. 'चिक चिक चिक'.

मी खाली पाहत राहिले. पण तीस मुलांच्या माना वर गेल्या. साहेबांचीही गेली. शेठजींची छत्री सवयीने अर्धी उठली आणि थांबली. मुलांपैकी कुणीतरी बोट दाखवलं.

गुरुजी पुढचं वाक्य बोलायला निघाले होते. ते थांबले. त्यांनी मुलांच्या चेहऱ्यांकडे पाहिलं, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत. वर्गात काय चाललंय हे मास्तराला तोंडं पाहून कळतं, आणि त्यांनी तर आयुष्यभर तोंडंच पाहिली होती. मग ते माझ्याकडे वळले.

"बोलून राह्यला का?"

मला खोटं बोलता आलं असतं. तशी पट्टी मी चिकटवलीच होती. पण ते इतकं साधं विचारत होते. मी म्हटलं, "हो गुरुजी."

"कईपासून?"

"तो गेलाच नव्हता, गुरुजी."

मला वाटलं, आता हा माणूस टोपी काढून माझ्या हातात देईल आणि सायकल घेऊन निघून जाईल. गुरुजी आंब्याच्या शेंड्याकडे पाहत होते, जिथे त्यांना ना काही दिसत होतं ना ऐकू येत होतं. मग त्यांनी मोठा श्वास सोडला, आणि त्यांचा चेहरा हळूहळू खुलला.

"म्हंजे हाय," ते म्हणाले. "बरं झालं बापा. मले वाटलं गेला."

मला तिथेच रडू आलं. मुलांदेखत, साहेबांदेखत, मी पदराने तोंड पुसत उभी होते. इतके दिवस मी त्यांच्या रविवारची काळजी करत होते आणि ते त्या अंगठ्याएवढ्या पाखराची करत होते. शेठजींनी काही सुचेना म्हणून साहेबांना पुडी दिली.

गुरुजींनी साहेबांना सांगितलं, "अर्ज वापस घेतो. नोंद चुकीची होती." साहेब म्हणाले, अर्ज राहू द्या, नाल्याकडच्या दोन झाडांवरचं बांडगूळ आम्ही सोडून देऊ, तेवढं झाडांना झेपतं. फेरी पुढे निघाली. गुरुजींनी मला पुढे व्हायला सांगितलं आणि स्वतः रांगेच्या शेवटी गेले. "मांगं कोणी सुटते का ते पाह्यतो," म्हणाले. पुढे जोवर ते येत राहिले, तोवर त्यांची जागा तीच राहिली.

परत आल्यावर ते सरळ सात नंबरपाशी गेले. पट्टी वाचली. "हे तुह्यं अक्षर हाय ना?" मी होकारार्थी मान हलवली. वाटलं, आता रागावतील. मनातून मला ते रागवायलाही हवे होते. त्यांनी नखाने पट्टीचं टोक उचललं आणि सावकाश, कागद न फाडता काढली. "अक्षर चांगलं हाय," एवढंच म्हणाले.

मग त्यांनी मुलांना फळ्यासमोर उभं केलं. स्वतः फळ्याकडे पाठ करून मुलांकडे तोंड केलं. एका मुलीला म्हणाले, "दाब वं, सात नंबर."

तिने दाबलं. हॉलभर 'चिक चिक चिक' झालं. गुरुजी वळले नाहीत. ते फक्त त्या तीस तोंडांकडे पाहत होते. मुलं हसली, एकमेकांना कोपर मारू लागली, मघाचाच, मघाचाच म्हणू लागली.

"बोलला," गुरुजी म्हणाले.

मी वही उघडली होती. त्यांनी मला सांगितलं, "लिही. फुलटोच्या, आमराई, ऐकला." मी लिहिलं आणि शेवटच्या रकान्याशी थांबले. तिथे कोणाचं नाव घालू, असं मी त्यांना विचारलं.

"पोट्ट्याईचं घाल," ते म्हणाले, आणि चिमटा धोतराला लावत सायकलकडे गेले.